मेंढरं उसाच्या रानात बसली, तो हिवाळा

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की कराडजवळच्या मलकापुरात हायवेच्या सर्व्हिस रोडवर एक दिवस गाड्या खोळंबतात. हॉर्नवर हॉर्न वाजत राहतात. पुढं काय झालंय ते कुणाला दिसत नाही. अपघात म्हणावा तर आरडाओरडा नाही, मोर्चा म्हणावा तर घोषणा नाहीत. मग धुळीतनं काळ्या-पांढऱ्या पाठी दिसायला लागतात, घोड्यावर बांधलेली भांडी खणखणतात, आणि मागनं खांद्यावर घोंगडं टाकलेला एखादा गडी तोंडानं चक्-चक् करत येतो. पूर्वेकडची मेंढरं कृष्णाकाठी उतरली म्हणायची.

यंदाही मी अशीच स्कूटीवर अडकले होते. शेजारच्या गाडीतले गृहस्थ फोनवर कुणाला तरी सांगत होते, "अहो, मेंढ्यांनी सगळं जाम करून टाकलंय." मी म्हटलं, "ती जतपासनं चालत आलीत, तुम्ही बसून आहात. थांबा की जरा." त्यांनी काच वर केली. मी मराठी शाळेत शिकवते, त्यामुळं परक्या माणसाला गप्प करायची मला सवय आहे. मेंढरं आमची नव्हती, पण आमच्यासारख्यांचीच होती. लोकरीचा, लेंड्यांचा आणि चुलीच्या धुराचा तो वास नाकात शिरला आणि माझा हात आपोआप पोटावर गेला. बरीच वर्षं झाली, पण हा वास आला की हात अजून तिथंच जातो.

माझे आप्पा जतच्या पूर्वेला कर्नाटकाला लागून असलेल्या एका वस्तीवरचे मेंढपाळ. आमच्यात वाडा म्हणजे चार घोंगडी, एक घोडं, त्याच्या पाठीवर भांडी, भांड्यांवर कोंबड्या आणि कोंबड्यांच्या शेजारी एखादं रांगतं पोर, असा चालता संसार. तिकडं दिवाळीनंतर माळावर गवताची काडी राहत नाही, टँकरच्या पाण्यावर माणसंच कशीबशी निभावतात. म्हणून मेंढरं घेऊन पश्चिमेला यायचं. इकडं ऊस तुटायला लागलेला असतो. तुटलेल्या रानात मेंढरं रात्रभर बसवली की रानाला खत मिळतं, मेंढरांना पाला मिळतो, आणि आईला शेतकऱ्याकडनं ज्वारी मिळते. मी मात्र वसतिगृहात राहून शिकले, डी.एड. झाले, मलकापुरात नोकरीला लागले आणि गॅरेज चालवणाऱ्या संजयशी लग्न करून चार भिंतींची झाले. बाकीच्या बायका दिवाळीला माहेरी जातात. माझं माहेर दिवाळीनंतर चालत माझ्याकडं यायचं.

सकाळची आप्पांची एक रीत होती. मेंढरं उठली, अंग झाडून पुढं सरकली की आप्पा चहा घ्यायच्या आधी बसल्या जागेतनं एक चक्कर मारायचे. हात पाठीमागं, मान खाली. मध्येच वाकायचे, काठीनं काहीतरी उलटायचे, परत चालायचे. लेंडी काळी, गोल, कोरडी असली की चेहरा सैल पडायचा आणि मग चहा गोड लागायचा. कुठं पातळ दिसली, आव दिसली की त्या जागी कोण बसलं होतं हे त्यांना बरोबर आठवायचं. "ती कानात ठिपका असल्याली," म्हणायचे, "तिला आज मागं ठेवा." लहानपणी मला या प्रकाराची लाज वाटायची. वसतिगृहात पोरी विचारायच्या, तुझे वडील काय करतात, तर मी शेती सांगायचे. एकदा आप्पांना विचारलं, रोज काय बघता त्यात? ते म्हणाले, "जित्राब बोलत न्हाई. मग आपन बघायला नगं?"

ज्या हिवाळ्याचं मी सांगतेय तेव्हा माझं लग्न नवं होतं आणि पोट बिघडलेलं होतं. बिघडलेलं म्हणजे काय, ते नीट सांगायला मला फार दिवस लागले. वर्गात पोरं पाढे म्हणत असायची आणि माझ्या पोटात डाव्या बाजूनं एक कळ उठायची, की पुढचं सगळं विसरायला व्हायचं. बायकांच्या संडासाची किल्ली हेडमास्तरांच्या टेबलावर असायची. ती मागायची म्हणजे आख्ख्या स्टाफरूमला वर्दी द्यायची. मी ती किल्ली माझ्या जुडग्यात अडकवून टाकली. कुणी विचारलं तर म्हणायचे, हरवते हो नेहमी, माझ्याकडं असू दे. खुर्ची दाराशी ओढून घेतली होती. माणसांना रस्ते देवळांवरनं नाहीतर भज्याच्या गाड्यांवरनं लक्षात राहतात. मला कराड ते सांगली हा सगळा रस्ता संडासांवरनं पाठ होता. कुठल्या पेट्रोलपंपावर पाणी असतं, कुठल्या हॉटेलात मालक बाईमाणसाला नको म्हणत नाही, एस.टी. कुठं थांबते आणि कुठं ड्रायव्हर हातापाया पडलं तरी थांबवत नाही, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं.

आणि रक्त जात होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बाईनं रक्त जातंय म्हटलं की ऐकणारी एकच गोष्ट समजते आणि मान हलवून गप्प बसते. मेडिकलवाल्याला मी मान खाली घालून मूळव्याधीचं औषध मागितलं, त्यानंही मान खाली घालूनच दिलं. सासूबाई भल्या बाई. त्यांनी बेलफळाचा मुरंबा केला, डाळिंबाची साल उकळून पाजली, ताकात सुंठ घालून दिली, आणि शेजारणीच्या सांगण्यावरनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली. संजय म्हणायचा, "एवढी का वाळत चाललीयेस?" मी म्हणायचे, शाळेत दगदग आहे. रोज माझ्या अंथरुणाशेजारी झोपणाऱ्या माणसाला मला ते सांगता येत नव्हतं. प्रेम होतं की आमचं. पण प्रेमात माणूस केसांचं बोलतो, साडीचं बोलतो. असलं कोण बोलतं?

रविवार होता. आप्पांची मेंढरं मलकापूरच्या बाहेर एका तुटलेल्या उसाच्या रानात बसली होती. मी भाकरी-कालवण घेऊन गेले होते. पाचटाचा ढीग, त्यावर पहाटेचं दव वाळत आलेलं, आणि रानभर मेंढरांचा तो बारीक कुरकुर आवाज. आईनं तीन दगडांवर चहा ठेवला. चहाला उकळी फुटेपर्यंत मी शेजारच्या उभ्या उसात एकदा जाऊन आले. चहा कपात ओतेपर्यंत परत एकदा जावं लागलं. आले तर आप्पा माझ्याकडं बघत होते. तसंच बघत होते, मेंढरांकडं बघायचे तसं.

"सुमे, पातळ हुतंय?"

"व्हय."

"कवापासनं?"

"दसऱ्यापासनं."

"आव पडतीया?"

"व्हय."

"रगत?"

आईनं पदर तोंडाला लावला. "आवं, लेकीला असलं इचारत्यात व्हय?"

"मग कुनाला इचारू?" आप्पा म्हणाले. "रोज सकाळी एवढ्या मेंढरांचं बघतो, तवा न्हाई लाज वाटत. पोरीचं इचारायला लाज वाटायची?" आणि परत माझ्याकडं वळून त्यांनी तोच प्रश्न केला, तशाच आवाजात, जसं काही गावात पाऊस झाला का असं विचारतायत.

"रगत जातंय, आप्पा," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. दुखण्याचं नव्हतं ते रडू. आपल्याला जे तोंडातनं काढता येत नव्हतं ते दुसऱ्यानं इतक्या सहज विचारलं याचं होतं. आईनं मला जवळ घेतलं. आप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, पिऊन टाकला आणि उठले. "हे मला कळायच्या भायेरचं हाय," ते म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात जायाचं. जावईबापूला मी सांगतो." संजयला त्यांनी गॅरेजमध्ये जाऊन, उघड्या बॉनेटशेजारी उभं राहून सगळं सांगितलं. संजय संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. एवढंच म्हणाला, "मला सांगायचंस ना गं."

सांगलीला दुर्बिणीनं तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या, बारीक आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतनं सूज येते, बारीक बारीक व्रण पडतात, त्यातनं रक्त जातं. कशानं होतं म्हणून मी विचारलं. तिखटानं नाही, म्हणाल्या, टेन्शननं नाही, तुम्ही काही वावगं खाल्लं म्हणूनही नाही. शरीराची राखण करणारी जी व्यवस्था असते ती चुकून आपल्याच आतड्यावर उठते. आप्पा दाराशी उभे होते. ते म्हणाले, "म्हंजे राखनीचं कुत्रं मेंढरावरच उलाटलं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अगदी तसंच, काका."

"मग असलं कुत्रं आमी मारतो."

"इथं मारता येत नाही. राखणीला दुसरं कोण आहे? त्याला शांत करायचं. औषध त्यासाठीच."

आप्पांना ते पटलं. परतीच्या वाटेवर बसमध्ये ते मलाच समजावत होते, कुत्रं कसं शांत करायचं ते.

औषधानं गुण आला. किती लवकर आला. सकाळच्या गोळ्या, संध्याकाळच्या गोळ्या, आणि स्टेरॉईडच्या वेगळ्या, ज्या हळूहळू कमी करत न्यायच्या होत्या. आधी रक्त थांबलं, मग आव, मग कळा. स्टेरॉईडनं चेहरा गोल झाला तर शेजारणी म्हणाल्या, मास्तरीण बाई अंगानं भरली. भूक अशी लागायची की वर्गात पोरांच्या डब्यांचे वास ओळखू यायचे. मी किल्ली हेडमास्तरांच्या टेबलावर परत ठेवली. आपलं पोट आहे हे दिवसभर लक्षात येऊ नये, यासारखं सुख नाही. निरोगी माणसाला ते सुख मिळतं, पण बिचाऱ्याला पत्ता नसतो.

संक्रांतीनंतर मेंढरं नदीकडच्या रानात सरकली होती. मी दोन दिवस सुट्टी काढून वाड्यावर राहायला गेले. सकाळी आप्पा चक्कर मारून आले आणि त्यांनी नेहमीसारखं मला पोटाचं विचारलं. मी म्हटलं, "एकदम झकास." ते हसले. मग गोळ्यांचं पाकीट माझ्या हातात बघून म्हणाले, "आता कशाला गं?"

"चालू ठेवा म्हणाल्यात."

"आजार हुता तवर घेतल्यास. आता लेंडी बांधली की." हे आप्पांचे शब्द, मी बदलत नाही. "बऱ्या जित्राबाला औषध पाजलं की ते अंगावर येतंय. मी बघितलंय. कुत्रं झोपलं, आता त्याच्या कानात कशाला वरडायचं?"

त्यांचं काही चुकत नव्हतं, त्यांच्या हिशेबानं. आयुष्यभर त्यांनी तसंच केलं होतं. पातळ लेंडी दिसली की औषध, बांधली की बंद. तसं केल्यानंच मेंढरं जगली होती. बऱ्या जनावराला पाजत राहणारा मेंढपाळ आमच्यात अडाणी समजतात. शिवाय माझा गोल चेहरा आईला बघवत नव्हता, आप्पांना माझ्या अंगावर औषध उठलंय असं वाटत होतं. सगळ्या गोळ्या त्या सकाळी बंद झाल्या. त्या सकाळी नदीवर धुकं होतं, कोवळ्या उन्हात मेंढरांच्या पाठी वाफाळत होत्या, आणि आप्पा मला म्हणाले, "तू बरी झालीस, आता मी सुखानं माघारी जातो." इतके आनंदात मी त्यांना फार कमी वेळा बघितलंय.

होळीच्या सुमाराला मी वर्गातच खाली बसले. फळा दिसत होता, त्यावरची अक्षरं दिसत नव्हती. परत सगळं सुरू झालं होतं, आणि पहिल्यापेक्षा वाईट. आता नुसतं रक्तच. संजयनं एका गिऱ्हाइकाची गाडी घेऊन मला थेट सांगलीला नेलं. आप्पा मेंढरं माझ्या भावाच्या ताब्यात देऊन दुसऱ्या दिवशी आले, घोंगड्यासकट.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "गोळ्या कोणी बंद केल्या?" मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "मी."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून आप्पांना समजावलं. हा आजार झोपतो, जात नाही. तो झोपलेला राहावा म्हणून औषध, तो जागा झाल्यावर नव्हे. आता आत मोठमोठे व्रण पडलेत. सलाईनमधनं औषध देऊ. त्यानं भागलं नाही तर दुसरं, जास्त ताकदीचं इंजेक्शन आहे. आणि त्यानंही नाही भागलं तर मोठं आतडं काढावं लागेल आणि पोटावर पिशवी लावावी लागेल. तशी माणसं चांगली जगतात, घाबरू नका, असंही त्या म्हणाल्या. पण आप्पा पिशवीच्या पुढचं ऐकत नव्हते.

"बाई, ह्या जखमा भरल्या तर वण ऱ्हात्यात?"

"इतक्या खोल गेल्या तर राहू शकतात."

आप्पांनी मान हलवली. त्यानंतर त्या मुक्कामात त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. ज्या माणसानं मला सर्वांत आधी विचारलं होतं तो माणूस आता खाटेच्या पायथ्याशी बसून फरशीकडं बघायचा. नर्स आली, विचारलं, कितीदा झालं, रक्त किती, की आप्पा उठून बाहेर जायचे. सांगलीत तेव्हा हळदीचा हंगाम होता. बाजाराकडनं वारा आला की वॉर्डातसुद्धा हळदीचा उग्र वास यायचा. आप्पा दिवसभर कुठंतरी त्या बाजारात फिरायचे आणि परत यायचे तेव्हा त्यांचे तळवे, धोतराचा काठ, सगळं पिवळं असायचं. आमच्यात देवाला भंडारा उधळतात तोही हळदीचाच. मला वाटायचं, ते तिथं देवाशी भांडायला जातात. आईला फोन केला की ती एकच सांगायची, "त्यास्नी बोलकं कर बाय. त्यो मानूस असा गप झाला की मला भ्या वाटतंय."

सलाईनमधलं औषध चालू होतं, उतार पडत नव्हता. सकाळ-संध्याकाळ डॉक्टरीणबाई यायच्या, पोट दाबून बघायच्या, तक्ता बघायच्या आणि "बघू" म्हणायच्या. सर्जन येऊन गेले. पिशवी कुठं लावता येईल ते बघायला त्यांनी माझ्या पोटावर पेनानं खूण केली, साडीची गाठ तिथं येणार नाही अशी. भला माणूस होता, साडीचा विचार केला. संजय त्या खुणेकडं बघून म्हणाला, "हे बघ, तू राहा फक्त. पोटावर काय असेल ते असू दे." मी त्याचा हात धरून ठेवला. पण खरं सांगते, मला भीती वाटत होती ती पिशवीची नव्हती. ही पिशवी लागली तर आप्पा उरलेलं आयुष्य तिच्याकडं बघणार आणि आपल्या हातानं झालं म्हणणार, याची होती.

मग दुसरं इंजेक्शन दिलं. थेंब थेंब जात होतं. सुरुवातीला काही फरक नाही. नंतरच्या एका सकाळी कळ थोडी मवाळ वाटली. मला खरं वाटेना. त्याच्या दुसऱ्या दिवशी भांड्यात रक्ताची फक्त एक रेघ होती. आणि त्याच्या पुढच्या सकाळी तीही नव्हती. नर्स भांडं उचलायला आली तर मी म्हटलं, "थांबा. ते तिथंच ठेवा जरा." मग आप्पांना हाक मारली. ते दाराबाहेर बसले होते.

"आप्पा, इकडं या. बघा."

"न्हाई. मला नगं दावू." त्यांनी तोंड फिरवलं. "मी बघितलं की वाईट हुतंय."

"तुमी न्हाई बघायचं तर कुनी? मला न्हाई कळत. तुमीच सांगा."

नर्स आम्हा बापलेकीकडं बघतच राहिली. आप्पा आले. हात पाठीमागं बांधलेले, पिवळे. वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग तिथंच भिंतीला पाठ टेकून खाली बसले. मी खाटेवरनं पाय खाली सोडले तर ते म्हणाले, "उठू नगंस. बस. बरी हायेस." आणि नर्सकडं वळून हात जोडले. "बाई, पोरगी बरी हाय. पन औषध बंद करू नगा. मोठ्या बाईंस्नी सांगा, बंद करू नगा म्हनावं."

त्या दिवसानंतर ऑपरेशनचं कुणी बोललं नाही. पेनाची खूण घरी येईपर्यंत अंघोळीनं निघून गेली.

पुढं बरीच वर्षं ती इंजेक्शनं ठरावीक अंतरानं घेतली, मग गोळ्यांवर आले. मध्ये एकदा-दोनदा आजारानं डोळे उघडले, पण डॉक्टरीणबाईंनी औषध वाढवून त्याला परत झोपवलं. गोळ्या चालू असतानाच आमची ओवी झाली. शाळेत आता बायकांच्या संडासाला किल्लीच नसते. मी वरिष्ठ शिक्षिका झाल्यावर पहिलं काम ते केलं. वर्गातली एखादी पोरगी पोट धरून बसली की मी तिला बाजूला घेते आणि सरळ विचारते, सगळ्या शब्दांत. पोरी आधी लाजतात, मग सांगतात.

आप्पांचं मात्र मिटलं नाही. नात मांडीवर घेतली, मेंढरं विकली, भाऊ शेती बघायला लागला, ते स्वतः गुडघ्यांच्या दुखण्यानं घरी बसले, पण ती एक गोष्ट त्यांच्या आत तशीच राहिली. पाहुण्यारावळ्यात कुणी म्हटलं, तुमची लेक काय गुणाची, मास्तरीण झाली, तर आप्पा म्हणायचे, "गुनाची हाय. माझ्यामुळं पोटात वण घेऊन फिरतीया." मी रागवायचे. म्हणायचे, आप्पा, मलाही घेता आल्या असत्या की गोळ्या, माझा कुणी हात धरला होता का? ते ऐकून घ्यायचे आणि तसंच म्हणत राहायचे. चुलीवर कालवण जरा तिखट झालं आणि मी पाण्याचा तांब्या उचलला तरी ते जेवण थांबवून माझ्याकडं बघायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "आप्पा, बास आता." ते म्हणाले, "साकु." कानडीत बास म्हणाले आणि उठून गेले. रागावले की ते कानडीत जातात.

मेंढरांनी रस्ता अडवला त्याच्या पुढच्या आठवड्यात माझी दुर्बिणीची तपासणी होती. दरवेळी होते तशी. डॉक्टरीणबाईंचे केस आता पांढरे झालेत, आवाज मात्र तोच बारीक. तपासणी झाल्यावर त्यांनी मला आणि संजयला बोलावलं आणि पडद्यावर चित्रं दाखवली. आतडं आतनं गुलाबी, ओलसर दिसत होतं. त्यावर बारीक शिरांची जाळी. मला काही कळत नव्हतं म्हणून मी विचारलं, "हे चांगलं आहे का?"

"व्रण नाही. सूज नाही. तुमची जुनी फाईल बघितली नसती तर इथं कधी काही झालं होतं असं मी म्हटलं नसतं."

"वण?"

"वणसुद्धा नाही. काही जणांचं असं सुरेख भरून येतं." मग लगेच म्हणाल्या, "गोळ्या चालू. कायम."

संजय म्हणाला, घरी जाऊ, ओवी वाट बघत असेल. मी म्हटलं, तू जा. मी जतला जाते. त्यानं मला स्टँडवर सोडलं आणि खिडकीतनं पाण्याची बाटली दिली. पूर्ण रस्ता मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. मिरज मागं पडली, द्राक्षाच्या बागा मागं पडल्या, मग मोकळं रान सुरू झालं. शाळू गुडघ्याला लागला होता. इतक्या लांबच्या प्रवासात मी एकदाही संडासासाठी रस्त्यावरची हॉटेलं मोजली नाहीत, हे मला उतरताना लक्षात आलं.

आप्पा घरासमोर उन्हात घोंगडं टाकून बसले होते. मला अशी अवचित बघून घाबरले, उठायला लागले. मी म्हटलं, बसा, काही झालेलं नाही. आई पाणी आणायला आत गेली. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"आज आतनं बघितलं, आप्पा. दुर्बिणीनं."

काठी धरलेली त्यांची मूठ घट्ट झाली.

"वण न्हाई."

"मागं पडला हुता त्यो बी?"

"न्हाई. कुठंच न्हाई. बाई म्हनाल्या, इथं कवा काय झालं हुतं, असं वळखूसुदिक येत न्हाई."

आप्पांचे कान अजून तिखट आहेत. लांबच्या माळावर कोकरू ओरडलं तरी कुणाचं आहे ते सांगतात. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग खाली मातीकडं, मग परत माझ्याकडं.

"परत एकदा सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.